डोळ्यांतला थेंब, हृदयाचा ठोका

घरातील ज्येष्ठांना घेऊन आपण डॉक्टरांकडे जाता, तेव्हा "सध्या कोणकोणती औषधे चालू आहेत?" हा प्रश्न हमखास विचारला जातो. मग पिशवी उघडते. रक्तदाबाची गोळी, मधुमेहाची गोळी, रक्त पातळ ठेवणारी गोळी, कधी कॅल्शियम, कधी गुडघ्यांसाठी शेजाऱ्यांनी सुचवलेले एखादे चूर्ण, असे सारे टेबलावर मांडले जाते. डोळ्यांत टाकायच्या थेंबांची बाटली मात्र त्या पिशवीत क्वचितच असते. ती घरीच, उशाशी किंवा फ्रिजच्या दारात राहिलेली असते. मुद्दाम विचारले तर उत्तर येते, "ते होय? ते नुसते डोळ्यांचे थेंब. ते काय औषध?"

प्रस्तुत लेखाचा विषय या एका उद्गारात सामावलेला आहे. काचबिंदूसाठी दिले जाणारे काही थेंब आणि रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या ही एकाच कुळातील औषधे आहेत. या कुळाचे नाव 'बीटा-ब्लॉकर'. थेंब डोळ्यांत पडतो, पण त्याचा प्रभाव डोळ्यापुरता राहतोच असे नाही. ज्यांच्या घरात काचबिंदू आणि उच्च रक्तदाब हे दोन्ही पाहुणे एकत्र मुक्कामाला आहेत, त्यांनी हे नाते नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

एकाच कुळातील दोन औषधे

आपण घाबरतो, धावतो किंवा रागावतो, तेव्हा मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी ॲड्रेनॅलिन नावाचे द्रव्य रक्तात सोडतात. त्याच्या प्रभावाने हृदय जोरात धडधडू लागते, श्वासनलिका रुंदावतात, हातांना कंप सुटतो. हे द्रव्य निरनिराळ्या अवयवांवर निरनिराळा परिणाम कसे करते, याचा उलगडा अमेरिकी शास्त्रज्ञ रेमंड अल्क्विस्ट यांनी १९४८ साली केला. पेशींवर जणू दोन प्रकारची कुलुपे असतात, असे त्यांनी मांडले आणि त्यांना 'अल्फा' व 'बीटा' अशी नावे दिली. हृदयाचा वेग वाढवणारी कुलुपे बीटा प्रकारची होत.

पुढे स्कॉटिश संशोधक जेम्स ब्लॅक यांनी या बीटा कुलुपांत बसणारी, पण ती न उघडणारी किल्ली शोधून काढली. किल्ली आत अडकून राहिली की ॲड्रेनॅलिनला जागा मिळत नाही आणि हृदयाचा वेग आटोक्यात राहतो. १९६० च्या दशकाच्या मध्यास बाजारात आलेले प्रोप्रानोलॉल हे ते औषध. हृदयशूळाच्या रुग्णांसाठी ते वरदान ठरले आणि १९८८ साली ब्लॅक यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

याच औषधाचा एक अनपेक्षित गुण १९६७ च्या सुमारास ध्यानात आला. प्रोप्रानोलॉल दिल्यावर रुग्णांच्या डोळ्यांतील दाबही उतरतो, असे दिसले. आपल्या डोळ्याच्या पुढच्या भागात पाण्यासारखा स्वच्छ द्राव सतत पाझरत असतो आणि एका बारीक जाळीतून बाहेर वाहून जात असतो. हा द्राव पाझरवणाऱ्या पेशींवरही बीटा कुलुपे असतात. ती बंद केली की द्राव कमी पाझरतो आणि दाब उतरतो. प्रोप्रानोलॉल थेट डोळ्यांत घातले तर बुबुळाचा पृष्ठभाग बधिर होतो, म्हणून त्याचे थेंब करणे योग्य नव्हते. हा दोष नसलेले टिमोलॉल मग पुढे आले आणि १९७८ साली अमेरिकेत त्याच्या थेंबांना मान्यता मिळाली. आज आपल्याकडील औषधांच्या दुकानांतून काचबिंदूचे जे थेंब सर्वाधिक मिळतात, त्यांत टिमोलॉलचे स्थान फार वरचे आहे. ते स्वस्त आहे, परिणामकारक आहे आणि असंख्य रुग्णांची दृष्टी त्याने राखली आहे.

सारांश असा की, डोळ्यांचे हे औषध हृदयाच्या औषधाच्या पोटी जन्मले आहे. त्यामुळे ते हृदयाला ओळखते, यात नवल नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट ठरेल. दंडाला पट्टा बांधून मोजलेला रक्तदाब आणि डोळ्यातील दाब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डोळ्यातील दाब साधारणपणे १० ते २१ मिलीमीटर पारा इतका असतो आणि तो नेत्रतज्ज्ञांकडील यंत्रावरच कळतो. "माझे बीपी उत्तम आहे, मला काचबिंदू कसा होईल?" असे मानणे योग्य नाही. त्याचप्रमाणे काचबिंदू आणि मोतीबिंदू हेही एक नव्हेत. मोतीबिंदूत भिंग गढूळ होते व शस्त्रक्रियेने दृष्टी परत येते. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी मुख्य नस झिजते आणि झिजलेली नस कोणत्याही उपायाने पूर्ववत होत नाही. उरलेली दृष्टी जपणे एवढेच आपल्या हाती राहते, आणि डोळ्यातील दाब उतरवणे हा ती जपण्याचा मार्ग आहे.

थेंब डोळ्यांत, औषध अंगभर

एवढासा थेंब अंगभर कसा पोहोचेल, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आपल्या नित्याच्या अनुभवात आहे. डोळ्यांत औषध घातल्यावर काही क्षणांत घशात कडवट चव येते, हे अनेकांनी अनुभवले असेल. रडू आले की नाक वाहू लागते, तेही याच कारणाने. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात, नाकालगत, एक बारीक नळी असते आणि ती थेट नाकात उघडते. डोळ्याच्या पृष्ठभागावर जेमतेम थोडासाच द्राव मावतो. बाटलीतून पडणारा थेंब त्याहून कितीतरी मोठा असतो. उरलेले औषध काही गालावर ओघळते आणि बरेचसे या नळीवाटे नाकात उतरते. नाकाच्या आतील पातळ, रक्ताने भरलेले अस्तर ते चटकन शोषून घेते.

येथेच थेंब आणि गोळी यांच्यातील महत्त्वाचा फरक आहे. पोटात घेतलेली गोळी आधी यकृताच्या चाळणीतून जाते व तिथे औषधाचा काही अंश मोडून पडतो. नाकातून शोषले गेलेले औषध ही चाळणी टाळून सरळ रक्तात मिसळते. म्हणून मात्रा लहान दिसली तरी तिला क्षुल्लक समजू नये. अर्धा टक्का टिमोलॉलच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅम औषध असते. दोन्ही डोळ्यांत दिवसातून दोनदा एकेक थेंब घातला, तर दिवसाकाठी सुमारे १ मिलिग्रॅमपर्यंत औषध वापरले जाते. निरोगी माणसाला त्याचे काही जाणवत नाही. परंतु ज्याचे हृदय आधीच मंद चालते, ज्याला दमा आहे किंवा जो याच कुळातील गोळी घेत आहे, त्याला ते जाणवू शकते.

टिमोलॉल बाजारात आल्यानंतर पहिल्या काही वर्षांतच अमेरिकेत श्वासाच्या आणि हृदयाच्या गंभीर त्रासाच्या शेकडो नोंदी झाल्या. त्यांत काही मृत्यूही होते. त्यामुळेच आज या थेंबांच्या माहितीपत्रकात दमा आणि हृदयाचे काही आजार यांविषयी ठळक इशारा छापलेला असतो. दुर्दैव असे की, खोक्यातील ते घडी घातलेले, बारीक अक्षरांतील पत्रक बाटली उघडताक्षणी कचऱ्यात जाते.

चक्कर मानेमुळे नव्हती

माझ्या दवाखान्यात आलेल्या एका रुग्णाची हकीकत येथे उपयोगी पडेल. सत्तरीच्या घरातील एक निवृत्त शिक्षक. दहा-अकरा वर्षांपासून रक्तदाबासाठी अटेनोलॉलची गोळी घेत होते आणि रक्तदाब उत्तम आटोक्यात होता. चष्म्याचा नंबर तपासायला गेले असता नेत्रतज्ज्ञांना काचबिंदू आढळला. थेंब सुरू झाले. तीन आठवड्यांनी त्यांना उठता-बसता चक्कर येऊ लागली. दोनदा ते न्हाणीघरात पडले. एका पतनात मनगट थोडक्यात वाचले. मानेची एक्स-रे तपासणी झाली. सत्तरीतल्या कोणाच्याही मानेत दिसते तशी मणक्यांची झीज त्यात दिसली. गळ्यात पट्टा आला, चक्करेची गोळी आली, पण चक्कर थांबली नाही.

ते माझ्याकडे आले तेव्हा मी मनगटावर बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजली. ठोके भरले ४२. हृदयाचा आलेख काढला. ठोके मंद होते, मात्र हृदयातील विद्युतमार्गात अडथळा नव्हता. गोळी तीच, मात्रा तीच, दहा वर्षांत कधी न झालेला त्रास आताच का व्हावा? मी त्यांच्या पत्नींना विचारले, "काकू, पोटात घ्यायच्या औषधांखेरीज डोळ्यांत, नाकात, कानात, अंगाला लावायला असे काही चालू आहे का सरांना?" त्या म्हणाल्या, "डोळ्यांचे थेंब आहेत हो, पण ते काही यांना सोसत नाहीत असं नाही. डोळे अगदी छान आहेत." बाटली मागवून घेतली. टिमोलॉल होते.

मी नेत्रतज्ज्ञांशी फोनवर बोललो. त्यांनी त्याच दिवशी दुसऱ्या कुळातील थेंब लिहून दिले. आठवड्याने नाडी ६० वर आली, चक्कर गेली, गळ्यातला पट्टाही गेला. नव्या थेंबांवर डोळ्यातील दाबही योग्य राहिला.

या हकीकतीत दोष द्यावा असे कोणीच नाही, हे मला आवर्जून सांगायचे आहे. अटेनोलॉल योग्य होते. टिमोलॉलही काचबिंदूसाठी योग्यच होते. नेत्रतज्ज्ञांनी "आणखी काही औषधे चालू आहेत का?" असे विचारले होते आणि सरांनी "बीपीची एक गोळी" असे प्रामाणिकपणे सांगितलेही होते. फक्त त्या गोळीचे नाव कोणाच्या समोर आले नाही. रक्तदाबाच्या गोळ्या अनेक कुळांच्या असतात. अॅम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टन असते, तर ही अडचण उद्भवली नसती. दोन योग्य औषधांची गाठ रुग्णाच्या शरीरात पडली आणि ती पडल्याचे बाहेर कोणाला कळले नाही.

कोणी विशेष सावध असावे

पुढील व्यक्तींनी टिमोलॉलसारखे थेंब सुरू करण्यापूर्वी आपली पूर्ण माहिती नेत्रतज्ज्ञांना सांगितलीच पाहिजे.

ज्यांना दमा आहे किंवा पूर्वी कधी होता. बीटा कुलुपे श्वासनलिकांतही असतात आणि ती बंद झाली की नलिका आकसतात. "लहानपणी दमा होता, आता वीस वर्षांत काही नाही" असे म्हणून ही गोष्ट गाळू नये. झोपलेला दमा थेंबांनी जागा होऊ शकतो. धूम्रपानामुळे किंवा वर्षानुवर्षे चुलीच्या धुरामुळे ज्यांच्या फुप्फुसांना कायमचा त्रास जडला आहे, त्यांनाही हेच लागू.

ज्यांची नाडी मुळातच मंद आहे, ज्यांच्या हृदयाच्या विद्युतमार्गात अडथळा असल्याचे सांगितले गेले आहे किंवा ज्यांचे हृदय अशक्त झाले आहे. हृदयाच्या अशक्तपणात काही बीटा-ब्लॉकर गोळ्या अत्यंत हितकारक ठरतात, हे खरे. पण त्या हृदयरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, अल्प मात्रेपासून सावकाश वाढवत दिल्या जातात. त्या हिशेबात थेंबांची भर नकळत पडता कामा नये.

जे व्हेरापामिल, डिल्टियाझेम किंवा डिगॉक्सिन या हृदयाच्या गोळ्या घेतात. याही नाडी मंद करतात. नैराश्यावरील फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन यांसारखी औषधे यकृतात टिमोलॉलचा निचरा मंदावतात, म्हणून त्यांचाही उल्लेख करावा.

मधुमेही, विशेषतः इन्सुलिन घेणारे. रक्तातील साखर फार उतरली की धडधड होते, हातापायांना कंप सुटतो आणि माणूस सावध होतो. बीटा-ब्लॉकर ही धोक्याची घंटा दाबून टाकू शकतात. गोळ्यांच्या बाबतीत हे अधिक घडते, तरी थेंबांनीही ते संभवते. घाम मात्र सुटतोच. तेव्हा अवेळी दरदरून घाम आल्यास साखर तपासावी.

याखेरीज सतत थकवा, हातपाय गार पडणे, भयानक स्वप्ने, उदासपणा, कामेच्छा किंवा लैंगिक क्षमता कमी होणे, अशा तक्रारी वाढत्या वयाच्या खाती टाकल्या जातात. त्या थेंब सुरू झाल्यानंतर सुरू झाल्या असतील, तर तसे डॉक्टरांना सांगावे. संकोच बाळगू नये.

नाव कसे ओळखावे

हे कूळ ओळखण्याची एक सोपी खूण आहे. या औषधांच्या मूळ नावांच्या शेवटी बहुतेक 'लॉल' येते. गोळ्यांमध्ये प्रोप्रानोलॉल, अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल, लॅबेटालॉल. थेंबांमध्ये टिमोलॉल, बीटॅक्सोलॉल. कंपनीने दिलेले मोठ्या अक्षरांतील नाव काहीही असो, त्याखाली बारीक अक्षरांत घटकाचे नाव छापलेले असते. ते वाचता येत नसेल, तर मोबाइलवर फोटो काढून मोठा करून पाहावा. घरातील नातवंडे हे काम आनंदाने करतात.

आणखी एक लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट. काचबिंदूच्या अनेक बाटल्यांत आज दोन औषधे एकत्र असतात. ब्रिमोनिडिन, डॉर्झोलामाइड, लॅटानोप्रॉस्ट, बिमाटोप्रॉस्ट यांच्या जोडीला टिमोलॉल मिसळलेले असते. एका बाटलीत दोन कामे होतात, ही मोठी सोय आहे. परंतु बाटलीचे नाव बदलले की "आता टिमोलॉल नाही" असा ग्रह होतो. तो तपासून घ्यावा.

गोळीचाही डोळ्यावर परिणाम

हे नाते उलट दिशेनेही चालते. बीटा-ब्लॉकर गोळी घेणाऱ्या व्यक्तीचा डोळ्यातील दाब मुळातच थोडा उतरलेला असू शकतो. तपासणीच्या वेळी तो समाधानकारक दिसतो आणि काचबिंदूची सुरुवात नजरेआड राहू शकते. अशा व्यक्तीला टिमोलॉलचे थेंब दिले, तर डोळ्यातील दाब अपेक्षेइतका उतरत नाही, कारण कुलुपे आधीच बंद झालेली असतात. फायदा कमी आणि हृदयावरील भार अधिक, असा तो व्यवहार होतो. पुढे काही कारणाने गोळी बदलली किंवा बंद केली, तर डोळ्यातील दाब चढू शकतो. म्हणून नेत्रतज्ज्ञांना गोळीचे नाव सांगणे जेवढे आवश्यक, तेवढेच गोळी बदलल्याचेही सांगणे आवश्यक आहे.

रात्रीचा प्रश्न याहून नाजूक आहे. झोपेत आपला रक्तदाब स्वाभाविकपणेच उतरतो. रक्तदाबाची औषधे रात्री घेतल्यास काहींमध्ये तो फारच खाली जातो आणि डोळ्याच्या नसेला होणारा रक्तपुरवठा अपुरा पडण्याची शक्यता निर्माण होते. ज्यांचा काचबिंदू डोळ्यातील दाब उत्तम राखूनही वाढतच चालला आहे, त्यांनी रक्तदाबाच्या गोळ्यांच्या वेळेविषयी दोन्ही डॉक्टरांशी अवश्य बोलावे. वेळ स्वतःच्या मनाने बदलू नये. टिमोलॉलचा प्रभावही रात्री कमी असतो, कारण त्या वेळी डोळ्यातील द्राव तसाही कमी पाझरतो. हे थेंब काहींना फक्त सकाळी दिले जातात, त्यामागे हे कारण असू शकते.

आपल्या मनाने बंद करू नका

आतापर्यंतचे वाचून एखाद्या वाचकाच्या मनात येईल, "मग हे औषध बंदच करून टाकू." हा विचार आपण आताच दूर सारावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

काचबिंदूचा सर्वांत सामान्य प्रकार मूक असतो. तो दुखत नाही, खुपत नाही. आधी बाजूची नजर हळूहळू जाते आणि समोरचे स्पष्ट दिसत राहते. दाराच्या चौकटीला खांदा लागू लागतो, जिन्याची पायरी चुकते, रस्ता ओलांडताना बाजूने येणारी दुचाकी अचानक समोर उगवते. तोवर बरेच गमावलेले असते. थेंब घालून दिसण्यात काही सुधारणा होत नाही, उलट थोडी जळजळ होते. त्यामुळे "काही फायदा नाही" असे म्हणून ते सोडून देणारे रुग्ण मी वारंवार पाहतो. या थेंबांचा फायदा दिसत नाही, कारण जे जाणार होते ते गेले नाही, हाच तो फायदा आहे.

गोळीच्या बाबतीत धोका याहून तातडीचा आहे. दीर्घकाळ बीटा-ब्लॉकर घेतल्यावर ते एकाएकी थांबवले, तर हृदयाचा वेग उसळी घेतो, रक्तदाब चढतो. हृदयविकार असलेल्यांना छातीत कळ येऊ शकते, हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. ही गोळी थांबवायचीच झाली, तर डॉक्टर ती एक-दोन आठवड्यांत पायरीपायरीने उतरवतात. गावी जाताना गोळ्या घरी विसरणे, उपवासाच्या दिवशी न घेणे, पाकीट संपल्यावर "पाहू पुढच्या महिन्यात" म्हणणे, या सवयी या कुळातील औषधांना मानवत नाहीत. शस्त्रक्रिया ठरली असेल, तर भूलतज्ज्ञांना गोळी आणि थेंब दोन्ही सांगावे, आणि त्या दिवशी काय करायचे ते त्यांनाच विचारावे.

बदल हवा असेल, तर पर्याय पुष्कळ आहेत. काचबिंदूसाठी लॅटानोप्रॉस्टसारखे, दिवसातून एकदाच घालायचे थेंब आहेत. त्यांचा हृदय व श्वास यांना सहसा उपद्रव होत नाही. इतर कुळांतील थेंब आहेत, योग्य रुग्णांसाठी लेझरचा उपचार आहे, शस्त्रक्रिया आहे. रक्तदाबासाठीही अनेक कुळांतील गोळ्या उपलब्ध आहेत. अन्य काही कारण नसेल, तर नुसत्या रक्तदाबासाठी आज बहुतेक वेळा आरंभ त्यांनीच होतो. कोणाचा कोणता पर्याय, हे ठरवणे डॉक्टरांचे काम. पर्यायाची गरज आहे हे त्यांना कळवणे हे आपले.

थेंब घालण्याची रीत

औषध डोळ्यांत राहावे आणि नाकात उतरू नये, यासाठी एक बिनखर्ची उपाय आहे. हात धुवावेत. मान मागे टेकवून, खालची पापणी हलकेच ओढून खोबण करावी व त्यात एकच थेंब सोडावा. बाटलीचे टोक पापणीला लागू देऊ नये. दुसरा थेंब घालून काही लाभ नाही, तो वायाच जातो. नंतर डोळा अलगद मिटावा, घट्ट आवळू नये व पापण्यांची उघडझाप करू नये. तर्जनीने डोळ्याचा नाकालगतचा आतला कोपरा हलकेच दाबून दोन-तीन मिनिटे तसेच शांत बसावे. यामुळे नाकाकडे जाणारी नळी मिटते, औषध डोळ्यांत अधिक काळ राहते आणि अंगभर जाणारा अंश लक्षणीय घटतो. ओघळलेले औषध स्वच्छ रुमालाने टिपून घ्यावे. दुसरे थेंब घालायचे असल्यास किमान पाच मिनिटे थांबावे. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवावी. बहुतेक बाटल्या उघडल्यापासून चार आठवड्यांनी टाकून द्यायच्या असतात.

हात थरथरत असल्याने ज्येष्ठांना हे एकट्याने जमत नाही. घरातील कोणीतरी सकाळच्या चहाआधी ही पाच मिनिटे त्यांना द्यावीत.

नाडी मोजण्याची सवयही लावून घ्यावी. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर, दुसऱ्या हाताची दोन बोटे ठेवून घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट ठोके मोजावेत. घरी रक्तदाबाचे यंत्र असेल, तर पडद्यावर खाली दिसणारा आकडा नाडीचाच असतो. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांची नाडी थोडी मंद असणे अपेक्षितच आहे. मात्र ती वारंवार ५० च्या खाली येत असेल, तर डॉक्टरांना कळवावे. सोबत चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, धाप किंवा कमालीचा थकवा असेल, तर त्याच दिवशी दाखवावे. शुद्ध हरपणे, छातीत कळ येणे किंवा छातीत शिटीसारखा आवाज येऊन श्वास कोंडणे, अशा वेळी क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

दोन चिठ्ठ्यांची भेट

आजकाल डोळ्यांसाठी एक तज्ज्ञ, हृदयासाठी दुसरे, मधुमेहासाठी तिसरे, अशी व्यवस्था असते आणि ती चांगलीच आहे. परंतु हे तज्ज्ञ वेगवेगळ्या इमारतींत, कधी वेगवेगळ्या शहरांत बसतात. एकाची चिठ्ठी दुसऱ्याच्या टेबलावर आपोआप जात नाही. त्या सगळ्या चिठ्ठ्या खऱ्या अर्थाने एकाच ठिकाणी एकत्र येतात आणि ते ठिकाण म्हणजे रुग्ण स्वतः. म्हणूनच त्या एकत्र आणण्याचे काम रुग्णाने, त्याच्या घरच्यांनी आणि कुटुंबाच्या डॉक्टरांनी करायला हवे.

त्यासाठी फार काही लागत नाही. एक साधा कागद घ्यावा. वर नाव, वय आणि आजार लिहावेत. दमा कधीही झाला असल्यास तो अवश्य लिहावा. खाली प्रत्येक औषधाचे घटकनाव, मात्रा आणि वेळ लिहावी. गोळ्या झाल्या की वेगळ्या ओळीत डोळ्यांचे, नाकाचे, कानाचे थेंब, श्वासाने ओढायची औषधे व मलमे लिहावीत. त्याचा फोटो मुलाच्या, सुनेच्या, लेकीच्या मोबाइलमध्ये ठेवावा. कोणतेही औषध बदलले की कागद नवा करावा. कोणत्याही डॉक्टरांकडे गेल्यावर त्यांनी विचारण्याची वाट न पाहता तो पुढे ठेवावा आणि एकच प्रश्न विचारावा, "या यादीतील औषधांचे एकमेकांशी जमते ना?"

हा अंक बाजूला ठेवण्यापूर्वी घरातील थेंबांची बाटली हाती घ्यावी, तिच्यावरील बारीक अक्षरे वाचावीत आणि ते नाव यादीत लिहावे. अनेक घरांत ती यादीतली राहून गेलेली ओळ असेल.